उजनीकाठची बुलेट : एका ब्रिटिश मोटारसायकलीचा वारसा व जीर्णोद्धार

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात बांधलेल्या या धरणाच्या यशवंतसागर जलाशयाची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट आहे. त्याचे पाणी माढा व करमाळा तालुक्यांबरोबरच पुणे जिल्ह्यातील इंदापूर व दौंड आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत या तालुक्यांच्या हद्दीत पसरलेले आहे. या पाण्याखाली अनेक गावांची जुनी गावठाणे गेली व काठावर नवी वसली. कालव्यांनी आणि उपसा योजनांनी ज्वारीच्या कोरडवाहू रानांत ऊस आणला. उसाबरोबर साखर कारखाना, दूधसंकलन केंद्र, पतसंस्था आणि बाजारपेठ यांच्याशी शेतकऱ्याचा नित्याचा संबंध जडला. रान, वस्ती आणि तालुक्याचे गाव यांमधील अंतर वारंवार तोडणे त्यास भाग पडू लागले. त्यासाठी जी वाहने या भागात रुळली, त्यांत बुलेट या मोटारसायकलीस, म्हणजे जुन्या पिढीच्या भाषेतील फटफटीस, एक विशेष स्थान आहे.

या वाहनाच्या इतिहासात एक विलक्षण गोष्ट आढळते. बुलेटचा मूळ आराखडा इंग्लंडमध्ये तयार झाला. तिच्या मूळ कारखान्याचे इंग्लंडमधील उत्पादन १९७० साली संपुष्टात आले. असे असूनही त्याच आराखड्याची गाडी त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे भारतात तयार होत राहिली, आणि आज ती जीर्ण झाली असता टेंभुर्णी वा करमाळ्यासारख्या गावातील फिटरला तिचे इंजिन उघडून पुन्हा चालते करण्यात काही अपूर्व वाटत नाही. उत्पादक नाहीसा झाल्यावरही त्याचा वारसा कशामुळे टिकतो, आणि जीर्णोद्धार करताना त्यातील नेमके काय जपावयाचे असते, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. सुयांच्या गावातील कारखाना

इंग्लंडच्या वूस्टरशर परगण्यातील रेडिच हे गाव एकोणिसाव्या शतकात सुयांच्या उत्पादनासाठी प्रसिद्ध होते. सुई करणे म्हणजे पोलादाची तार ओढणे, तिला पाणी देणे, टोक काढणे आणि हे सर्व लाखो नगांत एकाच मापाने करणे. या कामातून जी कारागिरी सिद्ध झाली, तीच पुढे सायकलींच्या धंद्यास उपयोगी पडली. जॉर्ज टाउनसेंड यांची सुया करणारी पेढी सायकलींकडे वळली. १८९१ च्या सुमारास ती अडचणीत आली असता अल्बर्ट ईडी आणि रॉबर्ट वॉकर स्मिथ या दोघांनी ती हाती घेतली. मिडलसेक्समधील एनफील्ड येथे सरकारी शस्त्रांचा कारखाना होता. त्याला बंदुकांचे अचूक मापाचे सुटे भाग पुरविण्याचे काम या पेढीस मिळाले आणि १८९३ च्या सुमारास तिने एनफील्ड हे नाव धारण केले. पुढे त्यास ‘रॉयल’ हे विशेषण जोडले गेले. तोफेचे बोधचिन्ह आणि ‘बंदुकीसारखी बनविलेली’ हे घोषवाक्य यांचा उगम या व्यवहारात आहे.

या कारखान्याने आपली पहिली मोटारसायकल १९०१ साली तयार केली. बुलेट हे नाव १९३२ साली प्रथम वापरले गेले. तथापि आज जिला जुनी बुलेट म्हणून ओळखतात, ती त्यानंतरच्या पिढीची होय. दुसऱ्या महायुद्धानंतर टेड पार्डो यांच्या रचनेनुसार ३४६ घनसेंटिमीटर क्षमतेची नवी बुलेट सिद्ध झाली आणि १९४९ पासून विक्रीस आली. मागील चाक पुढे-मागे न हलता वरखाली झुलेल अशी भुजा व तिला तेलाचे दोन शॉकॲब्जॉर्बर, ही तिची तत्कालीन नवलाई होती. १९४८ साली इटलीतील सॅन रेमो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय सहादिवसीय चाचणीत विजयी ठरलेल्या ब्रिटिश संघात या बनावटीच्या गाड्या होत्या. खडबडीत वाटेवर टिकण्याचा तिचा गुण अशा रीतीने विक्रीपूर्वीच पारखला गेला होता.

२. रेडिच ते तिरुवोट्टियूर

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय लष्करास सीमावर्ती भागातील गस्तीसाठी दणकट मोटारसायकल हवी होती. १९५० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत त्यासाठी ३५० वर्गाच्या बुलेटची निवड झाली आणि मद्रास मोटर्स या विक्रेत्या पेढीमार्फत इंग्लंडहून गाड्या मागविण्यात आल्या. १९५५ साली रेडिचची कंपनी आणि मद्रास मोटर्स यांच्या सहकार्याने एनफील्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे आरंभी इंग्लंडहून आलेल्या सुट्या भागांची केवळ जुळणी होत असे. लवकरच भाग तयार करण्याची यंत्रसामग्री व साचे मद्रासला आणण्यात आले आणि १९६२ च्या सुमारास गाडीचे सर्व भाग भारतात तयार होऊ लागले.

या घटनाक्रमातील काळाचे गणित महत्त्वाचे आहे. रेडिचचा कारखाना बंद झाला तो १९६७ साली. उरलेले उत्पादन ब्रॅडफर्ड-ऑन-एव्हन येथील भूमिगत कारखान्यात काही काळ चालले आणि १९७० साली तेही थांबले. म्हणजे इंग्लंडमधील दिवा मालवण्यापूर्वीच मद्रासची वात पेटलेली होती. आराखडे, साचे, मापांची परिमाणे आणि ती वापरणारे हात हे सर्व एका पिढीकडून दुसरीकडे कारखाना चालू असतानाच गेले. १९७७ साली तर मद्रासमध्ये बनलेली बुलेट इंग्लंडकडे निर्यात होऊ लागली.

भारतात ही रचना इतकी वर्षे न बदलता का राहिली, याचे कारण केवळ निष्ठेत शोधणे योग्य ठरणार नाही. परवाना पद्धती, आयातीवरील निर्बंध आणि मर्यादित स्पर्धा यांमुळे उत्पादकास नवी रचना करण्याची निकड भासली नाही. लष्कर व पोलीस यांसारखा मोठा ग्राहकही जुळणाऱ्या सुट्या भागांचाच आग्रह धरणारा होता. अर्थशास्त्रीय दृष्ट्या ज्याला साचलेपणा म्हणता येईल, त्याचाच एक अनपेक्षित लाभ दुरुस्तीच्या शास्त्रास झाला. १९६५ च्या गाडीस १९९५ च्या गाडीचे अनेक भाग बसू शकतात, ही सोय फार थोड्या यंत्रांच्या वाट्यास आली आहे. आयशर उद्योगसमूहाने १९९० नंतर ही कंपनी आपल्याकडे घेतली आणि रॉयल एनफील्ड हे नाव पुन्हा प्रचारात आणले. बिडाच्या सिलिंडरचे जुने इंजिन २०१० च्या सुमारास उत्पादनातून गेले.

३. नाव आणि काम

येथे इतर ब्रिटिश गाड्यांशी तुलना करणे बोधप्रद ठरेल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी बीएसए कंपनीने एम-२० ही गाडी सव्वा लाखाच्या आसपास संख्येने तयार केली. नॉर्टन, मॅचलेस, एरियल, ट्रायम्फ याही कंपन्यांच्या गाड्या सैन्यात होत्या. युद्धानंतर त्यांपैकी काही भारतात विकल्या गेल्या. परंतु मॅचलेसची मालक कंपनी १९६६ साली बुडाली आणि बीएसएचा व्यवसाय १९७३ च्या सुमारास संपला. त्यांचे साचे येथे आलेले नव्हते. त्यामुळे अशा गाडीचा एखादा दंतचक्रासारखा भाग तुटला, तर तो परदेशातून मागवावा लागतो किंवा लेथवर नव्याने घडवावा लागतो.

अलीकडे या नावांस भारतात नवे आश्रयदाते लाभले आहेत. बीएसए हे नाव २०१६ साली महिंद्र समूहाशी संबंधित क्लासिक लेजंड्स या कंपनीने घेतले. नॉर्टन २०२० साली टीव्हीएस कंपनीकडे आली. पुण्याच्या बजाज ऑटोने ट्रायम्फशी सहकार्याचा करार केला आणि २०२३ पासून चाकण येथे तयार झालेल्या लहान ट्रायम्फ गाड्या बाजारात आल्या. हे सर्व उपक्रम आपापल्या जागी महत्त्वाचे आहेत. तथापि त्यांतील नव्या गाडीचा भाग जुन्या गाडीस बसत नाही. नावाचा वारसा आणि कामाचा वारसा हे दोन वेगळे पदार्थ आहेत, आणि करमाळा तालुक्यातील एखाद्या वस्तीवर उभ्या असलेल्या जुन्या बुलेटच्या मालकास उपयोगी पडतो तो दुसरा.

४. यंत्राची रचना

खेड्यात ही गाडी टिकली याचे कारण तिच्या रचनेत आहे. जुन्या ३५० बुलेटच्या सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ९० मिलिमीटर आहे. धाव व्यासापेक्षा बरीच मोठी असल्याने आणि आतील फ्लायव्हील जड असल्याने इंजिन कमी फेऱ्यांवर भरपूर ओढ देते. एकूण शक्ती सुमारे १८ अश्वशक्ती, म्हणजे आजच्या मानाने अल्प आहे. परंतु पाट ओलांडताना, चिखलातून जाताना किंवा दोन्ही बाजूंस दुधाच्या किटल्या अडकविल्या असताना वेगापेक्षा संथ ओढ अधिक कामाची असते.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स हे स्वतंत्र घटक आहेत. एक बिघडला असता दुसऱ्यास हात लावावा लागत नाही. टॅपेटची फट तपासण्यास मापनपट्टीही लागत नाही. सिलिंडरच्या बाजूचे छोटे झाकण काढून, इंजिन थंड असताना, आतील दांडी बोटाने सहज फिरते पण वरखाली हलत नाही, इतके जुळविले की काम झाले. ठिणगीचे पॉइंट, कॉइल आणि कंडेन्सर हे तीनही भाग साध्या पान्याने निघतात.

किक मारण्याची रीतही याच रचनेतून आलेली आहे. हँडलवरील लहान खटका दाबला असता एक झडप उघडी राहते व सिलिंडरमधील दाब निघून जातो. तो दाबून पिस्टन योग्य जागी आणावयाचा, अमीटरचा काटा मध्यावर आला की खटका सोडावयाचा आणि मग पूर्ण जोराने किक मारावयाची. ही पायरी टाळणाऱ्याच्या पायास उलट्या किकेचा प्रसाद मिळतो. गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी, ही मूळ ब्रिटिश मांडणी अनेक वर्षे कायम होती. त्यामुळे जुन्या बुलेटवर हात बसलेल्या माणसास नवी गाडी आणि नव्या गाडीवाल्यास जुनी बुलेट सहसा जमत नाही.

खेड्यातील गरजेने या रचनेत फेरफारही घडविले. इंधनाचा खर्च वाचविण्यासाठी बुलेटच्या सांगाड्यात डिझेल इंजिन बसविण्याचे प्रयोग देशात ठिकठिकाणी झाले. कंपनीनेही ग्रीव्ह्ज लोम्बार्दिनीचे ३२५ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन बसविलेली गाडी काही वर्षे विकली. वेग अगदी कमी, आवाज व कंप भरपूर, परंतु एका लिटरमध्ये पेट्रोलच्या गाडीहून कितीतरी अधिक अंतर, असे तिचे स्वरूप होते. प्रदूषणाचे नियम कडक होताच २००० च्या सुमारास ती बंद झाली.

५. जीर्णोद्धार म्हणजे काय

जीर्णोद्धार हा शब्द मराठीत मुख्यतः मंदिरांसंबंधी वापरला जातो. उजनीच्या पाण्यात गेलेले पळसदेवचे प्राचीन मंदिर, पाणी ओसरले की पुन्हा दिसू लागते, ते या परिसरास परिचित आहे. मंदिराच्या बाबतीत मूळ दगड कोणता, नंतरची डागडुजी कोणती आणि नवी भर कोणती, हे ओळखता आले पाहिजे, अशी अपेक्षा असते. जुन्या यंत्रासही हाच नियम लावता येतो.

पहिली पायरी नोंदीची होय. इंजिनवरील क्रमांक आणि चेसिसवरील क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळतात किंवा नाही हे पाहिल्याशिवाय पाना हाती घेऊ नये. अनेक गाड्यांत इंजिन एका वर्षाचे आणि सांगाडा दुसऱ्या वर्षाचा असतो. भाग सुलभपणे अदलाबदल होतात, या गुणाचीच ही दुसरी बाजू आहे. गाडी सुटी करण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत व निघालेल्या प्रत्येक भागाची यादी करावी.

दुसरी पायरी इंजिनाची. सिलिंडर झिजून लंबगोल झाला असेल तर तो बोअर करून वाढीव मापाचा पिस्टन घालतात. ती मर्यादा संपली की लायनर बसवितात. जुन्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाशी तरंगता बुश असतो. त्याचे आयुष्य पूर्णतः स्वच्छ तेलावर अवलंबून असते. उसाच्या हंगामात बैलगाड्या व ट्रॅक्टर यांनी उडविलेली बारीक धूळ तेलात गेली की हा बुश प्रथम जातो. पुष्कळ कारागीर त्याजागी रोलर बेअरिंग बसवितात. ते अधिक टिकते, परंतु मूळ रचना बदलते. अशा बदलाची नोंद ठेवणे हाच प्रामाणिक मार्ग होय.

तिसरी पायरी विजेची व बाह्यरूपाची. सहा व्होल्टची जुनी यंत्रणा बदलून बारा व्होल्टची करणे रात्रीच्या प्रवासाच्या दृष्टीने इष्ट असते. रंगाच्या बाबतीत मात्र अति उत्साह नडतो. टाकीवरील सोनेरी रेषा मद्रासच्या कारखान्यात हाताने ओढल्या जात. त्यांत जी किंचित असमानता असते ती दोष नसून त्या हाताची खूण आहे. ती घासून काढून चकचकीत कागदी पट्टी चिकटविली, की गाडी नवी दिसते आणि तिच्यावरील एक अस्सल पुरावा नष्ट होतो.

६. कायदा आणि इंधन

उजनीकाठच्या जुन्या बुलेटपुढे आज दोन प्रश्न उभे आहेत. पहिला कायद्याचा. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने जुन्या, म्हणजे ‘व्हिंटेज’, वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेली व मूळ स्वरूपात राखलेली खाजगी दुचाकी व चारचाकी वाहने त्यांत येतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये ठरविण्यात आले. असे वाहन प्रदर्शन, संशोधन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन भरणे व दुरुस्ती अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. नित्याच्या वा व्यापारी वापरास मनाई आहे.

संग्राहकाच्या दृष्टीने हे नियम सोयीचे आहेत. परंतु ज्या शेतकऱ्याच्या घरी १९७० ची बुलेट अद्याप रोज रानात जाते, त्याची गाडी वारसा ठरावयाची असेल तर तिने काम सोडले पाहिजे, असा त्यांचा अर्थ होतो. ते नको असेल तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी योग्यता तपासून नोंदणी नव्याने करून घेण्याचा सर्वसामान्य मार्ग त्यास खुला आहे. व्यवहारात खेड्यातील बहुतेकांस हाच मार्ग अधिक योग्य ठरेल, कारण वापरातील गाडीचे तेल बदलले जाते, साखळी ताणली जाते व बिघाड वेळीच लक्षात येतो. उभ्या गाडीची टाकी मात्र आतून गंजते.

दुसरा प्रश्न इंधनाचा, आणि तो थेट उजनीच्या पाण्याशी निगडित आहे. सोलापूर हा महाराष्ट्रातील सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. साखर कारखान्यांच्या आसवनींत तयार होणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळले जाते. हे प्रमाण २०२२ साली १० टक्क्यांपर्यंत व २०२५ साली २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. ज्या पाण्याने ऊस आणला आणि ज्या उसाने बुलेट घेतली, तोच ऊस आता मद्यार्काच्या रूपाने तिच्या टाकीत उतरला आहे. शेतकऱ्याच्या उत्पन्नास त्याचा आधार आहे. तथापि जुन्या गाडीवर होणारे त्याचे परिणाम समजून घेणे अगत्याचे आहे.

इथेनॉलमध्ये मुळातच प्राणवायू असल्याने त्याच्या ज्वलनास हवा कमी लागते. एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो. वीस टक्के मिश्रणास म्हणून सुमारे साडेतेरा किलो हवा पुरते. नव्या गाडीतील इंजेक्शन यंत्रणा हा फरक बऱ्याच अंशी आपोआप भरून काढते. जुन्या कार्बोरेटरच्या जेटचे छिद्र मात्र ठरलेले असते. त्यामुळे मिश्रण अवश्य त्याहून पातळ होते, इंजिन अधिक तापते आणि किक जड जाते. प्रतिलिटर ऊर्जाही सुमारे सात टक्क्यांनी कमी भरते. इथेनॉलमुळे पेट्रोलची ठोका-रोधक शक्ती वाढते हे खरे. परंतु साडेसहास एक इतकेच दाबगुणोत्तर असलेल्या या इंजिनास त्या वाढीचा विशेष लाभ नाही.

याखेरीज इथेनॉल हवेतील बाष्प शोषून घेते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाशी गंज धरतो, आणि जुने रबर व बुचाचे भाग फुगतात किंवा ठिसूळ होतात. त्यावरील उपाय खेड्यातील गॅरेजच्या आवाक्याबाहेरचे नाहीत. पेट्रोलची नळी व कार्बोरेटरमधील रबरी भाग इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारचे घालावेत. मुख्य जेट किंचित मोठा बसवून स्पार्क प्लगचा रंग पाहत राहावा. तो पांढरट पडला तर मिश्रण अद्याप पातळ आहे असे समजावे, आणि फिकट तपकिरी झाला तर जुळणी योग्य आहे असे मानावे. दीर्घकाळ गाडी उभी ठेवावयाची असल्यास टाकी व कार्बोरेटर रिकामे करून कोरडे ठेवावेत. टाकीस पूर्वी आतून लेप दिला असल्यास तो या इंधनात विरघळतो किंवा काय, हे आधी पाहावे.

७. समारोप

रेडिचच्या सुया करणाऱ्यांपासून तिरुवोट्टियूरच्या कारखान्यापर्यंत आणि तेथून भीमाकाठच्या वस्त्यांपर्यंत या गाडीचा जो प्रवास झाला, त्यात प्रत्येक टप्प्यावर तीन गोष्टी एकत्र होत्या : मापे, ती मापे राखणारे साचे, आणि भाग उघडून पुन्हा जोडू शकणारा माणूस. पहिल्या दोन मद्रासने वेळीच घेतल्या म्हणून सुटे भाग मिळत राहिले. तिसरी गावोगावच्या गॅरेजांनी सांभाळली. आता जुने इंजिन उत्पादनातून गेलेले आहे. यापुढे मूळ भागांचा पुरवठा घटत जाणार हे उघड आहे, आणि तरंगता बुश घासून बसविणारे व कानाने टॅपेट ओळखणारे कारागीरही वयोवृद्ध होत चालले आहेत. त्यांच्या हातातील माहिती बहुतांशी लिहिलेली नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि महाविद्यालये यांनी सोलापूर जिल्ह्यातील अशा कारागिरांच्या पद्धतींची, त्यांनी केलेल्या फेरफारांची व त्यांच्या मराठी परिभाषेची पद्धतशीर नोंद केल्यास ते काम एका गाडीपुरते मर्यादित राहणार नाही. पुढील पिढीस जुने यंत्र कसे उघडावे व कसे मिटावे, हे त्यातून शिकता येईल.